दारात वाचलेलं कार्ड

तळेघर, ता. आंबेगाव
१८ जून १९९१

ती. प्रयागवन्सं यांना वैजयंतीचा नमस्कार.

तुमचा पत्ता तुमच्या लहानपणच्या मैत्रिणीकडून, कुशाबाईंकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नका, मीच मागे लागले होते. तुम्ही ख्रिस्ती झालात तेव्हा मी या घरात आलेही नव्हते, त्यामुळे त्या भांडणात माझा पक्ष कोणताच नाही. आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, तुमचं नाव काढत नाहीत. पण माझी नाचणीची भाकरी फुगली नाही की "प्रयागची टम्म फुगायची" एवढं ऐकवल्याशिवाय घास गिळत नाहीत.

कामाचं लिहिते. तुमचे भाऊ लंकेत बेपत्ता झाले त्याला येत्या कार्तिकात तीन वर्षं होतील. पलटण परत येऊनही वर्ष उलटलं. कागदावर अजून "बेपत्ता" हाच शब्द आहे. कुशाबाई म्हणाल्या, तुम्ही तिकडे रामेश्वराच्या अलीकडे समुद्रकाठी असता आणि लंकेतल्या लढाईतून पळून आलेल्या लोकांची मिशनतर्फे सेवा करता. वन्सं, त्या लोकांना विचारा ना. एवढी माणसं तिकडून येतात, कुणी ना कुणी पाहिलं असेल.

माझी अवस्था तुम्हाला कळेल म्हणून मोकळेपणाने लिहिते. नवरा असलेल्या बाईला तिचं घर असतं. नवरा गेलेल्या बाईला आपल्यात म्होतूर लावून दुसरं घर करता येतं. माझं कशातच काही नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, पण माझी ओटी भरताना बायांचा हात जरा आखडतो. मला कोणत्या रांगेत बसायचं तेवढं कळू दे. जे असेल ते कळू दे.

आरती तीन वर्षांची झाली. भिंतीवरचा फोटो बघून "पोलीस" म्हणते. थोरले कुंडलिकभाऊजी बरे आहेत. तुम्हाला पत्र लिहिल्याचं मी घरात सांगितलेलं नाही.

तुमची
वैजयंती


मंडपम
२ ऑगस्ट १९९१

सौ. वैजयंतीस प्रयागचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एकदा बातमीसाठी वाचलं आणि एकदा भाकरीसाठी. सोळा वर्षांनी आईनं माझ्याबद्दल चांगलं बोललेलं ऐकलं. तव्यावरचं का असेना.

इथलं सांगते. छावणीत एका खोलीत एक कुटुंब, अशा खोल्यांच्या रांगाच रांगा आहेत. फाटकाबाहेर आमच्या मिशनचं घर आहे. सकाळी प्रार्थना होते, मग मी दवाखान्यात बसते. खरूज, जुलाब, बाळंतपणं, आणि झोप येत नाही म्हणून येणाऱ्या बायका. हिंदू येतात, ख्रिस्ती येतात. आम्ही औषध देताना धर्म विचारत नाही. बाप्तिस्म्याआधी मलाही कुणी विचारला नव्हता. मोडकी तमिळ येते, ते हसतात, काम चालतं.

दुपारनंतर मी वही घेऊन बसते. कुणाचा नवरा होडीत चढताना मागे राहिला, कुणाची बहीण दुसऱ्या गावी पळाली. आम्ही नावं लिहून घेतो, नव्याने आलेल्यांना विचारतो, जुळवतो. कधी जुळतं. बऱ्याचदा वाईटच जुळतं. ते सांगायचंही माझ्याकडे असतं. आमचे पास्टर येसुदासन यांचा त्याबाबत कडक नियम आहे. मरणाची बातमी निरोपानं धाडायची नाही, नातेवाइकाच्या तोंडून सांगवायची नाही. त्या बाईच्या समोर, जमिनीवर, तिच्याइतक्याच खाली बसायचं. "गेला", "देवाघरी", असलं काही म्हणायचं नाही. "मेला" म्हणायचं. आणि ती स्वतःच्या तोंडानं तो शब्द म्हणेपर्यंत उठायचं नाही. पहिल्यांदा मला हा माणूस निर्दय वाटला होता. आता वाटत नाही. अर्धवट कळलेल्या बायका मी इथं रोज बघते.

ज्ञानेश्वरचं नाव मी आजच वहीत लिहिलं. इथल्या लोकांना आपल्या सैनिकांबद्दल विचारणं सोपं नाही, ते गप्प होतात. पण विचारीन. काही कळलं तर तुला कळेल, हा माझा शब्द.

आरतीला पापा.

तुझी
प्रयाग


(पोस्टकार्ड)

मंडपम, २१ डिसेंबर १९९२

कुंडलिकदादा,

कार्ड दारातच वाच, घरात नेऊ नको. आपला ज्ञानू गेला. चार वर्षांपूर्वीच, कार्तिकात. ज्या बाईनं त्याला माती दिली ती इथं छावणीत आहे. त्याच्या खिशातलं पत्र तिनं जपून ठेवलं होतं. ते मी पाहिलं, वैजयंतीच्या हातचं आहे. शंकेला जागा नाही. सरकारात कळवायचं तर त्या बाईचं नाव कुठे येऊ देऊ नको, ती घाबरलेली आहे.

वैजयंतीला समोर बसवून तू सांग. आईला सांभाळ. वाचून फाडून टाक.

प्रयाग


तळेघर
११ मार्च १९९३

ती. वन्सं यांना नमस्कार.

बरेच महिने पत्र नाही, तब्येत बरी आहे ना? इथं सगळं आहे तसंच आहे. भात बरा झाला. आत्याबाई संक्रांतीच्या सुमारास आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या. ताप नाही, खोकला नाही, नुसत्या भिंतीकडे तोंड करून पडून. काय होतंय ते सांगेनात. मग एक दिवस आपणच उठल्या आणि माझ्या केसांना तेल लावायला बसल्या. लग्न होऊन आले त्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, "तू हायेस तवर समदं हाय." तेव्हापासून मला उन्हातलं काम सांगत नाहीत. भाऊजीही तोंड वर करून बोलत नाहीत, जेवतात आणि जातात. माणसं म्हातारपणी मऊ होतात म्हणतात, पण भाऊजी अजून पन्नाशीचेही नाहीत.

मागच्या महिन्यात आहुप्याहून पावणे आले होते. चहा घेऊन गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी इथंच आहे, वन्सं. मनाशी एकदा ठरवून टाकलं की सोपं जातं. आता तुम्हाला सारखं सारखं विचारून त्रास देणार नाही. कळवण्यासारखं असेल तर तुम्ही कळवालच.

तुमची
वैजयंती


मंडपम
९ एप्रिल १९९३

वैजयंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. किती शांतपणे लिहिलंस. मी दोन दिवस हातात घेऊन फिरत होते. आई भिंतीकडे तोंड करून पडली हे वाचून तिची पाठ डोळ्यांसमोर आली. तिनं तुला तेल लावलं ते बरं झालं. आपल्या घरात कुणाला बोलता येत नाही. तेल तेवढं लावता येतं.

तू विचारणार नाहीस म्हणतेस, मीही त्या विषयावर लिहिणार नाही. ज्याचं त्यानं आपल्या वेळेनं सोसायचं असतं. एवढंच सांगते की तो देवाच्या हातात आहे आणि तिथं त्याला काही कमी नाही. तू धीर धर. तू तरुण आहेस, हेही विसरू नको.

इकडे होड्या कमी झाल्या आहेत, आजार वाढले आहेत. मला एक सवय लागली आहे. संध्याकाळी वही मिटली की हात धुते. शाई लागलेली नसते तरी धुते.

तुझी
प्रयाग


तळेघर
२४ जुलै १९९६

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचं जुनं पत्र, "तो देवाच्या हातात आहे" म्हणून लिहिलेलं, मी काल आत्याबाईंना वाचून दाखवलं. तुमचं पत्र येतं हे मी इतकी वर्षं लपवलं होतं, पण त्यांची नजर गेली आहे, मनही गेल्यासारखं आहे, म्हटलं आता काय रागावतील. त्यांनी ते हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाल्या, "लेक शाणी हाय माजी. काय लिवावं ते तिला कळतंय." बघा, तुमच्यावरचा राग गेला. मला तर त्या एका ओळीचा फार आधार आहे. तुम्ही देवाच्या माणसांत राहता, उगीच लिहायच्या नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आहुप्याला एका लग्नाला गेले होते. देवराईच्या कडेला मांडव होता, त्यामुळे ऊन लागलं नाही. नवरदेवाची पहिली बायको बाळंतपणात वारलेली. आश्रमशाळेत स्वयंपाकी आहे. गोरख नाव. जेवण चांगलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

आरती आठ वर्षांची झाली. फोटोला आता पोलीस म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. चालायचंच.

तुमची
वैजयंती


मंडपम
१५ जानेवारी १९९८

वैजयंतीस आशीर्वाद.

उशीर झाला, दीड वर्ष म्हणजे उशीर नाहीच, आळस आहे. आईचा राग गेला हे वाचून मी रडेन असं वाटलं होतं. रडू आलं नाही. मी दवाखान्यात जाऊन गोळ्या मोजत बसले.

ही गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी म्हणून तुला सांगते. मला अलीकडे काही वाटत नाही. परवा एका मुलीला तिचा नवरा मेल्याचं सांगितलं. एकोणीस वर्षांची. समोर बसले, शब्द म्हटला, तिनं तो परत म्हणेपर्यंत थांबले. थांबले असताना माझ्या मनात विचार होता तो दुपारच्या आमटीत मीठ घातलं की नाही याचा. पास्टर म्हणाले, थोडे दिवस घरी जाऊन ये. मी म्हटलं, आईनं सांगितलंय, मी जिती असेपर्यंत उंबरा चढू नको. ते म्हणाले, अजून तेच कारण आहे का?

तुझ्याकडून मी एक शिकते आहे, वैजयंती. एवढं कळल्यावरही तू लग्नाची जेवणं जेवतेस, पोरीला वाढवतेस, गाऱ्हाणं नाही. मला तुझ्यासारखं व्हायला हवं.

तुझी
प्रयाग


तळेघर
२९ ऑक्टोबर २०००

ती. वन्सं यांना नमस्कार.

या कार्तिकात बारा वर्षं भरतात. बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. भाऊजींनी विधी करणाऱ्या जानकूबाबांना बोलावून दिवस धरला आहे. पुतळा जळला की माझं कुंकू जाणार. आत्याबाई "माझ्या देखत नको" म्हणत होत्या, आता त्यांचं कुणी ऐकत नाही.

पण पत्राचं कारण हे नाही.

गेल्या मंगळवारी लस टोचायला घोडेगावहून सिस्टर आल्या होत्या. तुमच्याच धर्माच्या. एस.टी. चुकली म्हणून जेवायला थांबल्या. पिशवीतून चष्मा काढताना एक पाकीट खाली पडलं, मी उचलून दिलं. पत्त्यावर त्यांच्या नावाआधी "सौ." होतं. मी विचारलं, "तुमच्यात सौ. लिहितात?" त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "का नाय लिहिणार? नवरा हाय की मला अजून."

वन्सं, तुम्ही मला पहिल्या पत्रावर सौ. लिहिलं होतं. पुढे लिहायचं सोडलंत. मला वाटलं होतं, तुमच्यात ती पद्धत नसेल, पहिल्यांदा जुन्या सवयीनं लिहिलं असेल. मी मनात त्याबद्दल तुमची थोडी थट्टाही केली होती. सिस्टर गेल्यावर मी डबा उघडून तुमची सगळी पत्रं तारखेनं लावली. ९१ सालच्या पत्रावर सौ. आहे. ९३ च्या एप्रिलपासून एकाही पत्रावर नाही. मग मी ती पत्रं पुन्हा वाचली. "एवढं कळल्यावरही" असं एका पत्रात आहे. काय कळल्यावर? मी तेव्हा वाचताना तशीच पुढे गेले होते.

तुम्ही सौ. का सोडलंत ते लिहा. पुतळ्याच्या आधी लिहा.

वैजयंती


मंडपम
८ नोव्हेंबर २०००

वैजयंती,

ज्ञानेश्वर मेला.

हे वाक्य मी तुझ्यासमोर जमिनीवर बसून म्हणायला हवं होतं. दवाखान्यात माझ्या जागी कुणी मिळेपर्यंत मला निघता येणार नाही आणि तू आधी लिहा म्हणालीस, म्हणून लिहिते आहे. त्यानंतर मी येते. आई उंबऱ्यात आडवी पडली तरी येते.

९२ च्या नाताळाआधी फिलोमिना नावाची एक कोळीण दवाखान्यात आली. मी कुठली ते तिनं विचारलं. मी सांगितलं, तशी दुसऱ्या दिवशी ती बायबल घेऊन आली आणि त्यातून एक घडी केलेला कागद काढला. म्हणाली, ही भाषा तुझी आहे का बघ, दोन वर्षं मी वाचणारा शोधते आहे. तुझं पत्र होतं ते. आरतीला दात आल्याचं, पेरणीचं, सुट्टी कधी मिळेल ते.

त्यांच्या गावाजवळ रस्त्यात आपल्या सैनिकांच्या गाडीखाली सुरुंग फुटला होता. त्यातला एक जण रांगत तिच्या पडवीपर्यंत आला. तिनं त्याला आत घेतलं. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर दोन्ही बाजूंनी तिला विचारायला आले असते. त्याची भाषा तिला येत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेला. शेवटी पाणी प्यायला होता. तिनं आणि तिच्या दिरानं त्याला त्यांच्या चर्चमागे पुरलं. तो कोणत्या देवाचा हे माहीत नव्हतं म्हणून आपल्या देवाचा क्रूस लावला आणि त्याची माफी मागितली. मी तिला सांगितलं, चालेल.

मी त्याच आठवड्यात दादाला कार्ड घातलं. बाईला असली बातमी पत्रानं कळवायची नाही, घरच्या कर्त्यानं सांगायची, कार्ड दारात वाचून फाडायचं. लहानपणापासून पाहिलेलं तसं केलं. मग तुझं मार्चचं पत्र आलं आणि त्यात त्याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, दुःखामुळे लिहिलं नाहीस. तू "ठरवून टाकलं" लिहिलंस, मला वाटलं, वैधव्य पत्करलं. आठ वर्षं मी असंच वाचत आले.

आता खरं लिहिते. मी इथं दीडशेच्या वर बायकांना समोर बसून सांगितलं आहे. नियम मला झोपेतही पाठ आहे. आणि माझ्या घरच्या बाईला कार्ड. तेही तिच्या नावाचं नाही. रीत होती म्हणून नव्हे. तुझं तोंड बघायची माझी छाती नव्हती, आणि रीत त्याला सोयीची पडली. तुला शब्द दिला होता की काही कळलं तर तुला कळेल. तो मी मोडला.

तुझं पत्र सोबत पाठवते आहे. ते तुझंच आहे, मी ठेवायला नको होतं.

प्रयाग


तळेघर
१० जानेवारी २००१

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचं पत्र पुतळ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. खळ्यावर भात वारवत होते, पोस्टमननं तिथंच हातात दिलं. वाचलं आणि उरलेलं भात वारवलं. वारा चांगला होता. माझं जुनं पत्रही वाचलं. सारखी "सुट्टी कधी, सुट्टी कधी" विचारणारी ही बाई कोण, असं वाटलं.

मग घरी येऊन आत्याबाईंच्या समोर खाली बसले. तुमच्या पास्टरांचा नियम मला तेवढाच माहीत होता. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, त्या दिवशी घेतलं. म्हटलं, "ज्ञानेश्वर मेले." त्या दिसत नसलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला ठावं हाय. कुंडलिकानं दारात वाचलं व्हतं. कार्ड म्या फाडलं. त्याला म्या आन घातली व्हती, बोलशील तर माजं मढं बगशील."

मी विचारलं, "का?"

"तू गेली असतीस. तू कुकू लावतीस तवर माजा ज्ञानू कुटंतरी हाय. तू दुसऱ्याच्या घरी गेलीस मंजी तो खराच गेला. मला जमलं न्हाई, पोरी. लई वाईट केलं म्या, पर जमलं न्हाई."

मी थांबले. तुम्ही लिहिलं होतं तसं, त्या शब्द म्हणेपर्यंत. दिवेलागण झाली तरी म्हणाल्या नाहीत. मग मला चूल पेटवायची होती, मी उठले.

आता तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. ९३ साली आहुप्याहून पावणे आले होते ते गोरखभाऊंसाठी मागणी घेऊन. तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या अडचणीचं त्यांना माहीत होतं. त्यांनी निरोप दिला होता, काही ठरलं, कळलं, तर आरतीसकट आणा, पोरगी मला जड नाही. आश्रमशाळेत मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं होतं. बोलणं बेताचं, हात स्वच्छ. मला ते आवडले होते, वन्सं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. पावण्यांनी विचारलं, "काय कळलं का पलटणीकडनं?" मी दाराआडून माझ्या तोंडानं सांगितलं, "माझा नवरा जिवंत आहे, मला दुसरं घर करायचं नाही." तुमचं कार्ड त्याच्या आधी महिनाभर येऊन फाटलेलं होतं. त्या वेळी आत्याबाई माझ्याजवळ बसलेल्या होत्या. भाऊजी पावण्यांना चहा देत होते. गोरखभाऊंनी त्यानंतर दोन वर्षं थांबून लग्न केलं.

पुतळा केलाच. हाड नाही, राख नाही, मग पुतळा हवाच, म्हणाले जानकूबाबा. मी अडवलं नाही. दहाव्याला बाया म्हणत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो." शेजारच्या साळुबाईंनी मला कवेत घेऊन हलवून पाहिलं. मला त्यांचीच दया आली. गोरखभाऊ बायकोला घेऊन आले होते. मी वाढत होते. भात वाढताना त्यांनी वर बघितलं नाही, मीही थांबले नाही. भाऊजी सगळ्यांच्या पाया पडत होते. माझ्याही पडायला आले, मी ताट पुढे करून बाजूला झाले.

तुम्ही येते म्हणालात. या. आत्याबाई काही म्हणणार नाहीत. मला तुमचा राग आला आहे का ते मी बघते आहे, अजून सापडला नाही. सापडला तर तुम्ही समोर असाल तेव्हा सांगेन, पत्रात लिहिणार नाही.

दहावा झाल्यावर चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. दोन लुगडी, पत्रांचा डबा, आरतीचा फोटो. आरती वसतिगृहावर आहे, तिची काळजी नव्हती. आत्याबाईंनी पिशवीचा आवाज ऐकला, पण कुठं चाललीस ते विचारलं नाही. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. भीमाशंकरहून मंचरची गाडी आली, मी चढले, बसायला जागाही मिळाली. कंडक्टर आला, म्हणाला, "बोला ताई, कुटं?"

मी तोंड उघडलं. आई-बाप नाहीत, भाऊ नारायणगावला एका खोलीत पाच माणसं घेऊन राहतो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मागची माणसं बघायला लागली. मला एकाही गावाचं नाव सांगता येईना. त्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि न चिडता पिशवी खाली उतरवून दिली.

चालत परत आले. आत्याबाई म्हणाल्या, "आलीस?" म्हटलं, "आले," आणि त्यांना भात कालवून दिला.

९३ च्या माघात कंडक्टरनं विचारलं असतं, तर मी आहुपे म्हणाले असते.

तुमची
वैजयंती